पाचव्या महिन्याचा गॅस

यादी केल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. माझ्या वडिलांचं आर्वीला किराणा दुकान होतं, आणि शाळेत जायच्या आधीच मी गिऱ्हाइकांनी आणलेल्या याद्या वाचायला शिकले. काम झालं की नावापुढे बरोबरची खूण करायची, हे सुख मला तेव्हापासून माहीत आहे. आता पन्नाशी ओलांडली, तरी दिवसभरात एखादी ओळ खुणेशिवाय राहिली तर मला धड बसवत नाही.

सेवाग्रामजवळच्या एका संस्थेचं अतिथिगृह मी सांभाळते. बारा खोल्या, एक सभागृह, मोठं स्वयंपाकघर. इथे उतरणाऱ्यांसाठी दोनच नियम आहेत. जेवलेलं ताट आपलं आपण घासायचं, आणि सकाळी अर्धा तास स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायची. कुलगुरू असो नाही तर विद्यार्थी, सूट कुणालाच नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या मध्यावर संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो.

"पुढच्या सोमवारी नऊ पाहुणे येताहेत," सर म्हणाले. "दोन देशांतले. पाच दिवस राहतील. फोटो नाही, पत्रकार नाही, बाहेर चर्चा नाही."

मी तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. "कशासाठी येताहेत?"

"गॅस."

मला वाटलं, सर आमच्या सिलिंडरबद्दल बोलताहेत. पण तो गॅस वेगळा होता. जमिनीखालून निघणारा, शेकडो मैल नळातून वाहणारा. एका देशाकडे गॅसच्या विहिरी, आणि शेजारच्या देशातलं एक डोंगरातलं शहर त्याच नळाच्या टोकाला. जुना करार डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी संपत होता. सरकारी बैठका फिसकटल्या होत्या. म्हणून दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी एखाद्या दूरच्या, शांत जागी भेटून आकडा ठरवावा आणि मग सरकारांनी सही करावी, असं ठरलं होतं. त्या देशांची नावं मी आजही लिहीत नाही. तसं कबूल केलं होतं.

सोमवारी पाहुणे आले. विकणाऱ्यांचे प्रमुख एक वयस्कर गृहस्थ होते, जेवतानाही डोक्यावरची लोकरीची टोपी न काढणारे. आमच्या स्वयंपाकीण मावशींनी पहिल्याच तासात त्यांचं नाव आजोबा ठेवलं. घेणाऱ्यांची प्रमुख एक इंजिनिअर बाई, माझ्याच वयाची, आखूड केस, खिशात कायम पेन. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमलं. आजोबा आणि ती एकमेकांच्या भाषा उत्तम बोलत. फक्त सभागृहाबाहेर एकमेकांशी बोलत नसत.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी नेहमीच्या पद्धतीनं भाजी निवडायची यादी फळ्यावर लावली: खोली एक आणि दोन, मंगळवार ते शुक्रवार, तुरीच्या शेंगा. एक नंबरमध्ये आजोबा, दोन नंबरमध्ये इंजिनिअर बाई. सरांनी फळा पाहिला आणि चष्मा काढला.

"अहो, या दोघांना एका टेबलाशी बसवायला मी तीन महिने पत्रं लिहिली. मध्ये दोन हात अंतर ठेवून बसवायचं ठरलंय. आणि तुम्ही एका परातीवर बसवताय?"

"यादी लागली आहे सर. आता काढली तर कारण विचारतील."

सर चष्मा पुसत निघून गेले.

मंगळवारी सकाळी सात वाजता दोघं आली. डिसेंबरात आमच्याकडे तुरीला हिरव्या शेंगा भरतात. त्या सोलून जे दाणे निघतात त्यांना आम्ही सोले म्हणतो. वांग्यात सोले घातले की थंडीचं जेवण झालं. पण पंधरा माणसांना पुरतील एवढे सोले काढायचे म्हणजे शेंगांचा डोंगर सोलावा लागतो. मध्ये परात, समोरासमोर दोन पाट. आजोबांनी पहिली शेंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली. बाईनं तिची उघडली, दाणे परातीत टाकले, टरफल बाजूला. आजोबांनी तिचं पाहून तसंच केलं. अर्धा तास दुसरा आवाज नव्हता.

मावशी चुलीजवळून माझ्या कानाशी आल्या. "ताई, हे नवरा-बायको हायेत का?"

"नाही हो."

"मंग एवढे रुसले काऊन?"

त्याच दिवशी माझ्या यादीतली एक ओळ अडकली. गॅस एजन्सीची गाडी बिघडली, सिलिंडर शनिवारशिवाय येणार नाही, असा निरोप आला. स्वयंपाकघरात एकच सिलिंडर होता, तोही अर्धा. आमची गोबरगॅसची टाकी थंडीत सुस्तावते, चहापुरती आंच देते. मी वही उघडली, हिशेब केला आणि पेटी काढली.

ही पेटी माझ्या सासूबाईंच्या वेळची. लाकडी खोकं, आत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुसा, ठासून भरलेला, मध्ये पातेल्याएवढा खळगा. डाळ रात्री भिजवायची, सकाळी दहा मिनिटं उकळायची, आणि झाकण लावून पातेलं त्या खळग्यात ठेवायचं. वरून गोधडी. तीन तासांनी डाळ मऊ. जाळ दहा मिनिटांचा, बाकी काम कुटाराचं.

इंजिनिअर बाईनं ते पाहिलं आणि थेट गुडघ्यावर बसली. कुटार चिमटीत घेऊन पाहिलं. पेटीच्या भिंतीची जाडी बोटांनी मोजली. दुपारी पातेलं उघडलं तेव्हा खिशातून थर्मामीटर काढून डाळीत बुडवला. मावशी म्हणाल्या, "डाळीले ताप आला का तपासून राह्यली बाई." मी भाषांतर केलं. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

आमच्या आवारात मोबाइलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर मिळते. बाई रोज संध्याकाळी तिथे उभी राहून आईला फोन करायची. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, नळाच्या टोकाच्या त्याच शहरात, चौथ्या मजल्यावर एकटी. मी डबे आवरत असायची. बुधवारी बाईनं मला फोन दाखवला. पडद्यावर एक सुरकुतलेला हात, त्याच्यापलीकडे शेगडी, शेगडीवर निळी ज्योत.

"ती रोज मला ज्योत दाखवते," बाई म्हणाली. "बोलण्याआधी. मग म्हणते, आज आहे."

मी विचारलं, नव्या वर्षात थंडी अजून किती महिने. तिनं पंजा उघडला. जानेवारी ते मे, पाच. मेमध्येही रात्री बादलीतलं पाणी गोठतं. मागच्या वर्षी नळ तीन आठवडे बंद होता, तेव्हा तिच्या इमारतीतली दोन म्हातारी माणसं गेली. आईनं अंथरुणात कोट घालून दिवस काढले. आईला दुसरीकडे न्यायचं तर ती येत नाही, आणि तिच्यासारखी माणसं शहरभर आहेत.

"आजोबा किती महिने देतात?"

बाईनं दोन बोटं वर केली. मग तिनं जे सांगितलं त्यानं मला आजोबांचाही राग धरता येईना. त्यांच्याकडच्या विहिरी आटत चालल्या होत्या. नळावर त्यांच्याही डोंगरातली गावं होती. एका गावात त्यांची नात शिकवत होती.

आकडा दोन आणि पाचच्या मध्ये कुठेतरी आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. अडचण वेगळी होती. आजोबांनी 'तीन' म्हटलं की त्यांच्या माणसांनी ते लिहून घेतलं असतं, आणि घरी गेल्यावर वर्तमानपत्रात आलं असतं की यांनी आपली गावं विकली. बाईनं 'चार' म्हटलं की तिकडे ओरड झाली असती की हिनं एक महिना सोडला. असा आकडा एकदा तोंडातून निघाला की तो परत घेता येत नाही. म्हणून सभागृहात दोघं रोज तेच बोलत. दोन. पाच. दोन. पाच.

माझ्या वहीत शेवटच्या पानावर मी त्या दिवशी एक नवा मथळा लिहिला: 'माझ्या हातात नाही.' आयुष्यात पहिल्यांदा. खाली दोन ओळी: सिलिंडरची गाडी. त्यांचा आकडा. आणि त्या ओळी लिहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी धुतलेल्या चादरी पुन्हा घड्या केल्या. खोल्यांच्या किल्ल्या नंबराप्रमाणे लावल्या, मग पुन्हा लावल्या. सभागृहात चहा द्यायला दुसऱ्या कुणाला पाठवायचं सोडून स्वतः गेले, चेहरे पाहायला. चहा थंड व्हायचा, चेहरे तसेच.

गुरुवारी दुपारी बोलणी मोडलीच. आजोबांच्या माणसांनी कागद आवरले. शुक्रवारी अकराला नागपूरच्या विमानतळाकडे गाडी निघणार होती. सर बागेत एकटेच फेऱ्या मारत होते. मी पोह्यांची बशी घेऊन गेले तर म्हणाले, "भूक नाही." सरांना पोह्यांची भूक नाही, हे मी चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात भाजीवाले भाऊ आले. केळझरच्या बाजूला त्यांचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक स्कूटरला दोन्हीकडे पोती बांधून आणतात. शेतीबरोबर बैलबाजारात दलालीही करतात. ओट्यावर पोतं उतरवता उतरवता त्यांनी सभागृहाच्या पायरीवर पाठमोरे बसलेले पाहुणे पाहिले.

"काय झालं ताई? मौत-बित झाली का कोणाची?"

"नाही भाऊ. सौदा अडला. आकडा आधी कोणी बोलायचा, यावर."

भाऊ थांबले. "मंग दुपट्टा कायले नाई टाकत?"

"कसला दुपट्टा?"

"आता बाप्पा! तुमी बैलबाजार नाई पाह्यला?" त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. "दोघायचे हात याच्याखाली. बोटं धरली का आकडा झाला. पटला तं पटला, नाई पटला तं हात काढून घ्याचा. तोंडातून कोणी काई काढलंच नाई. बाजूले पन्नास माणूस उभा राह्यते, त्याले काई समजत नाई."

मावशी आतून ओरडल्या, "आमच्या बुढ्यानं असाच खोंड घेतलता दुपट्ट्याखाली. घरी आणला तं एका डोळ्यानं आंधळा."

"डोळा काई दुपट्ट्याखाली नवता मावशे. बाहेरच होता. पाहाले पायजे होता त्यानं."

"लय शहाणा हायेस. चल, वांग्याचा भाव कर माह्याशी."

दोघांनी हात पुढे केले, भाऊंनी दुपट्टा टाकला. कापड हललं. भाऊंचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा. मावशींच्या भुवया वर. मग मावशींनी हात खसकन ओढला. "बाप्पा रे! एवढ्याले तं मी अख्खं झाड उपटून आणीन." भाऊंनी त्यांचा हात पुन्हा आत ओढला, एक बोट सोडलं असावं, कारण मावशी मान हलवून म्हणाल्या, "ठेव पोतं."

इंजिनिअर बाई ओट्याच्या टोकाला फोन हातात धरून उभी होती. फोन लागला नव्हता. तिनं विचारलं, हे काय चाललंय. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, कोणी बोलत नाही, म्हणून कोणी काही बोललेलं नसतं. हात काढून घेतला की काही घडलंच नाही.

ती हसली. अर्धवट हसून थांबली. मग तिनं भाऊंना विचारायला सांगितलं, एका बोटाचा अर्थ काय.

"एक म्हणजे एक," भाऊ म्हणाले. "एक काय, ते आधी ठरवा लागते. बैलाच्या बाजारात सगळ्यायले माहीत राह्यते."

शुक्रवारी सकाळी सात वाजता फळ्यावरच्या यादीप्रमाणे दोघं आली. मला वाटलं होतं कोणी येणार नाही. शेवटच्या दिवशी शेंगा जास्त होत्या, वाटेत खायला सोल्यांचे पराठे द्यायचे होते. त्यांची बाकीची माणसं सामान बांधत होती. मी शेगडीजवळ उभी राहून कणीक मळत होते आणि पाठ फिरवायची ठरवूनही फिरवत नव्हते.

दहा मिनिटं शेंगा फुटत राहिल्या. मग बाई हळू आवाजात आजोबांशी काहीतरी बोलली. त्या आठवड्यात सभागृहाबाहेर ती त्यांच्याशी बोलली, ते पहिलं वाक्य. आजोबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मावशींकडे. बाईनं दोरीवरचा आमचा पुसायचा पंचा काढला आणि परातीवर टाकला. दोघांचे हात त्याखाली गेले.

माझी कणीक परातीत तशीच. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं.

पंचा एकदा हलला. आजोबांनी मान नकारार्थी हलवली. पुन्हा हलला. बाईनं डोळे मिटले. मग बराच वेळ काहीच हललं नाही. बाहेर ड्रायव्हरनं गाडीचा दरवाजा आपटला, आजोबा दचकले, आणि मला वाटलं आता हात निघणार. निघाला नाही. पंच्याखाली हात वळला, एवढंच दिसलं. मग आजोबांनी दुसऱ्या हातानं, पहिल्यांदाच, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हात बाहेर आले. दोघांच्याही बोटांना शेंगांची हिरवी लव चिकटलेली होती.

उरलेल्या शेंगा दोघांनी सोलल्या.

अकराला गाडी लागली. सरांना अजून काही कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, पाहुणे रिकाम्या हातानं चालले. मला विचारता येत नव्हतं, कारण पंच्याखालचं विचारायचं नसतं. मी पराठ्यांची पाकिटं मोजून देत होते. नऊ. दोनदा मोजली. बाई शेवटी आली. तिला मी एक कागद दिला. त्यावर पेटीची पद्धत इंग्रजीत लिहिली होती, एकेक ओळ क्रमानं: किती भिजवायचं, किती उकळायचं, किती इंच कुटार. कुटाराला इंग्रजी शब्द सुचला नाही, तो तसाच ठेवला.

तिनं तो वाचून खिशात ठेवला. मग आपल्या शालीचं टोक माझ्या हातावर टाकलं आणि शालीखाली माझी बोटं धरली. चार.

मी पाचव्याची वाट पाहत उभी राहिले. तिनं मान हलवली. नाही, चारच. तिचे डोळे ओले होते, पण ते कशामुळे हे मी ठरवू शकले नाही. चार महिन्यांची आंच मिळाली यामुळे, की एक महिना सुटला यामुळे. ती गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सिलिंडरची गाडी आली. मी वही उघडून एका ओळीपुढे खूण केली. दुसरीपुढे केली नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला तिच्याकडून एक फोटो आला. निळी ज्योत. खाली काहीच लिहिलेलं नाही. मी वहीत पाच चौकोन काढले आणि पहिल्यात खूण केली. फेब्रुवारीत ज्योत आली. मार्चमध्ये आली, शेजारी चहाचं भांडं होतं. सरांना तोपर्यंत कळलं होतं की सही झाली, आणि आकडा शेंगांच्या परातीवर ठरला. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाले, यापुढे पाहुण्यांच्या भाजीच्या याद्या आधी त्यांना दाखवत जाव्या. एप्रिलमध्ये ज्योत आली.

मे लागला. आमच्याकडे मे म्हणजे सकाळी नऊला दारं-खिडक्या बंद. कूलरचा आवाज, ओल्या वाळ्याचा वास, अंगणातला नळ उघडला की चटका देणारं पाणी. त्या उन्हात मी थंडीची काळजी करत होते. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "ताई, तुमाले ऊन लागलं. कैरीचं पन्हं प्या." पन्हं प्यायले. फोन घेऊन दिवसातून चार वेळा मागच्या तापलेल्या ओट्यावर उभी राहिले. पाचवा चौकोन रिकामा होता. तो रिकामाच असणार, हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. तरी.

एक तारीख गेली, आठ गेली. विचारावं असं दहादा वाटलं. काय विचारणार? आई आहे का, हे लिहून विचारता येत नाही.

बारा तारखेला फोटो आला. ज्योत नव्हती. एक लाकडी खोकं होतं, बहुधा पुस्तकांचं कपाट तोडून केलेलं. आत जुने लोकरीचे कोट आणि मफलर ठासून भरलेले, मध्ये खळगा, खळग्यात झाकण लावलेलं पातेलं. झाकणावर तोच सुरकुतलेला हात. खाली बाईनं लिहिलं होतं, वीज सकाळी दोन तास येते. आई दहा मिनिटं उकळते आणि पेटीत ठेवते. संध्याकाळी सूप गरम असतं. शेजारच्या तीन घरांनी पेट्या केल्या. आई विचारते, तुमच्या कागदावर कुटार लिहिलं आहे ते काय असतं, आणि कोटांपेक्षा चांगलं असतं का.

मी भर दुपारी छत्री घेऊन गोठ्यामागे गेले. कुटाराचा ढीग उन्हात वाळत होता. मूठभर उचलून तळहातावर पसरलं आणि फोटो काढला. मावशी दारातून ओरडत होत्या, "अवो ताई, काय करून राह्यल्या तिथं, घरात या!"

कोटांबद्दल मी लिहिलं की आम्ही कोट वापरून पाहिलेले नाहीत, पण लोकर चालायला हवी. झाकणावर एक उशी ठेवायला सांगा, तिथून ऊब जास्त निसटते. पातेलं काठोकाठ भरलेलं असू द्या, अर्धं भरलं तर लवकर निवतं. फोटो आणि मजकूर दोन्ही गेले. मग ओट्यावरच उभी राहून वहीतल्या पाचव्या चौकोनाकडे पाहिलं. मे संपायला एकोणीस दिवस होते. मी त्यात खूण केली नाही. त्याच्या शेजारी एक छोटी पेटी काढली, झाकण लावलेली, आणि खाली लिहिलं: १ जूनला विचारणे.